संबंध असेल त्याने ओट्यावर बसावे

कंपनी कायद्याप्रमाणे संसार करून दाखवलेला अख्ख्या हिंदुस्थानातला एकमेव माणूस म्हणजे आमचे मामासासरे, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणत असू. उभी हयात त्यांनी मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या सेक्रेटरी खात्यात काढली. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, म्हणजे तिचे मालक गावोगाव पसरलेले. त्या न दिसणाऱ्या मालकांना कंपनीत काय चाललंय ते वेळच्या वेळी आणि खरं खरं कळवायचं, संचालकांच्या सभा नियमाने होतात की नाही ते पाहायचं, हे मामाजींचं काम. ते त्यांनी इतक्या भक्तीने केलं की निवृत्त होऊन खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला, आपल्या गावी परतताना ते भांड्याकुंड्यांबरोबर कारभाराचे नियमही बांधून घेऊन आले. "कंपनी तोट्यानं नाई बुडत जावईबापू," ते मला सांगत, "कोणाले न इचारल्यानं बुडते." मुंबईत ते पुस्तकी मराठी बोलत असतील, पण गावच्या स्टँडवर एस.टी.तून उतरल्याबरोबर त्यांच्या जिभेवर वऱ्हाडी परत आली, आणि त्या वऱ्हाडीत कोरम, अजेंडा, हितसंबंध हे शब्द असे काही मिसळून गेले की गावातल्या म्हाताऱ्यांना ते आपल्या आजोबांच्या वेळचेच वाटायला लागले.

घराची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी भरे. तिची नोटीस आठवडाभर आधी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेली असे. विषय असे असत: दूधवाला बदलावा काय, दळण कोणत्या गिरणीतून आणावे, गच्चीवर कुरड्या वाळत घातल्यावर माकडांवर लक्ष कोणी ठेवावे. मामी भाजी निवडायला घेऊन सभेला बसत आणि प्रत्येक ठरावाला विरोध करत. दुसरा नवरा वैतागला असता. मामाजी मात्र खूश होत. "बोर्डात एक तरी नाई म्हणणारा पाह्यजे. मुंबईले आमी असा माणूस शोधू शोधू थकलो, अन् इथं घरातच भेटला," असं ते मला कानात सांगत. मामी म्हणत, "माहा विरोध लिहून घ्या, अन् मंग उठून गॅसवरचं दूध पाहा." मामाजी दोन्ही कामं करत, पण त्याच क्रमाने, त्यामुळे त्या घरात दूध उतू जाण्याचं प्रमाण बरंच होतं.

मी खामगावच्या शाळेत भूगोल शिकवायचो. सभा म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो, कारण शिक्षकांच्या सभेइतकी निरर्थक गोष्ट पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. पण लग्नानंतर लगेच अधिक महिना आला आणि जावयाला वाण द्यायला म्हणून मामाजींनी मला जेवायला बोलावलं. अनारसे तयार होते, पुरणाचा वास घरभर सुटला होता, आणि मी पाटावर बसणार तोच मामाजी नम्रपणे म्हणाले, "जावईबापू, आता इषय तुमचा निघून राह्यला. ज्याचा संबंध असंन त्यानं चर्चेत बसू नाई, असा नेम आहे. जरा ओट्यावर बसा." मी भरल्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन बसलो. खिडकी उघडीच होती. जावयाला चांदीचं भांडं द्यावं की तांब्याचं, यावर आत चांगलीच जुंपली. मामींच्या मते जावई आळशी वाटतो, पण खाण्यात चोखंदळ नाही, हे त्यातल्या त्यात बरं. कुणीतरी माझ्या केसांविषयी बोललं. शेवटी तांब्याचं ठरलं, मला सन्मानाने आत बोलावण्यात आलं, आणि ठराव वाचून दाखवून मग अनारसा वाढण्यात आला. सासरच्या मंडळींचं आपल्याविषयी खरं मत इतक्या लवकर कळलेला दुसरा जावई माझ्या पाहण्यात नाही.

पण हा नियम ते स्वतःला आधी लावत, हे कबूल केलं पाहिजे. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं, आणि सणावाराला 'अध्यक्षांना गोड द्यावे काय' हा विषय निघाला की मामाजी आपल्याच खुर्चीतून उठून ओट्यावर जाऊन बसत. बाजारहाट करून परतणारी माणसं विचारत, "काय साहेब, आज कोणता इषय?" मामाजी खाली मान घालून सांगत, "श्रीखंडाचा." आत काय चाललंय ते त्यांना ऐकू येत असणारच, पण ते रस्त्याच्या पलीकडच्या कडुनिंबाकडे पाहत राहत आणि कान दिल्याचं कुणाला कळू देत नसत.

त्यांच्या व्यवस्थेचा कळस म्हणजे घराचे स्वतंत्र संचालक. स्वतंत्र संचालक म्हणजे ज्याचा कंपनीशी काही देण्याघेण्याचा व्यवहार नाही आणि म्हणून जो निर्भीडपणे बोलू शकतो असा बाहेरचा माणूस. मामाजींनी या जागेवर समोरच्या गादीवाल्या चाचांना नेमलं होतं. चाचा कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरत. कोणत्याही विषयावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "भाऊ, माहा काय लेना-देना?" मामाजींना तर हेच हवं होतं. चाचा सभेला येऊन चहा पीत, सगळ्यांचं ऐकून घेत, आणि बहुतेक वेळा मामींच्या बाजूने बोलत. अडचण एकच झाली. मामाजींच्या घरातल्या गाद्यांचे गोळे झाले, तेव्हा त्या चाचांकडे देता येईनात, कारण पैसे घेतल्याबरोबर चाचा स्वतंत्र राहिले नसते. मग गाद्या खामगावहून करून आणल्या. त्या इतक्या कडक निघाल्या की घरातलं प्रत्येक माणूस पाठ धरून उठायला लागलं. चाचांना हे फार लागलं. "अरे, मी समोर राह्यतो, अन् तुमच्या घरी टेम्पोनं गादी येते. लोकं काय म्हनतीन, चाचाले काम येत नाई?" ते मला म्हणाले. मी मध्यस्थी करून पाहिली. मामाजी कमरेवर हात दाबत म्हणाले, "पाठ दुखली तं दुखू द्या, पण माणूस स्वतंत्र राह्यला पाह्यजे."

याशिवाय सतत सुधारणा. चांगली कंपनी आहे तिथे थांबत नाही, ती प्रत्येक तिमाहीत थोडी थोडी सुधारत जाते, हे मामाजींचं लाडकं मत. त्यांनी फडताळाजवळ सूचनांसाठी एक पत्र्याचा डबा टांगला होता. चहा आधी सुधारला, म्हणजे साखर गेली. मग परत सुधारला, तेव्हा चहापत्ती निम्मी झाली. तिसऱ्या सुधारणेनंतर पाहुणे पाणीच मागायला लागले. मामींनी डब्यात चिठ्ठी टाकली की अध्यक्षांनी दुपारी झोपत जावे, म्हणजे सुधारणा कमी होतील. मामाजींनी ती सभेत मोठ्याने वाचली आणि अमलातही आणली. दुपारी ते पडून एक जाडजूड वार्षिक अहवाल वाचत. शेअर बाजारात नोंदलेल्या एका बियाणे कंपनीचे थोडेसे शेअर त्यांनी मुद्दाम घेतले होते, तेही अहवाल घरी येतो एवढ्यासाठी. त्यातलं सुशासनाचं प्रकरण ते पोथी वाचावी तसं सुरात वाचत आणि वाचता वाचता त्यांचा डोळा लागे.

आता त्या बियाण्याच्या गोष्टीकडे येतो, कारण तिच्याशिवाय मामाजींचं चित्र नुसतं हसण्यावारी जाईल. ते बीटी कापसाचे दिवस होते. घरची सरकी राखून पेरायची रीत कधीच मोडली होती, दर हंगामाला पाकीट विकत घ्यायचं आणि त्यावरचं नाव दुकानदार सांगेल ते. मामाजींच्या मुलाचं, म्हणजे माझ्या मेहुण्याचं, बाजाराच्या रस्त्यावर कृषी केंद्र होतं. पोरगा मेहनती, बोलका, थोडा घाईचा. एका वर्षी त्याच बियाणे कंपनीने नवं वाण काढलं आणि जो दुकानदार ते भरपूर विकेल त्याला बँकॉकची सहल जाहीर केली. मेहुणा येईल त्याच्या हातात तेच पाकीट देऊ लागला. मामाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी अहवालातलं सुशासनाचं पान पुन्हा उघडून वाचलं. मग पेंटरला बोलावून त्यांनी दुकानाच्या दर्शनी भागावर पाटी लावून घेतली: 'हे वाण विकल्याबद्दल दुकानदारास कंपनीकडून बँकॉकची सहल मिळणार आहे. ग्राहकांनी विचार करून घ्यावे.'

मेहुण्याने दुपारी येऊन पाटी पाहिली आणि तसाच घरी आला. "बाबा, मी दुकान चालवून राह्यलो का कोर्ट?" मामाजी म्हणाले, "जे आहे ते सांगतलं. खोटं आहे काय?" "बाकीच्या दुकानदारायले बी तेच भेटून राह्यलं. त्याईनं कुठी बोर्ड लावले?" यावर मामाजी शांतपणे म्हणाले, "त्याईचे बाप सेक्रेटरी खात्यात नोते." त्या दिवसापासून बाप-लेकांचं बोलणं बंद झालं. मेहुणा महिन्याच्या सभेला येई, अध्यक्षांना उद्देशून बोले, पण एरवी बापाच्या ताटाशेजारी जेवायला बसत नसे. मामी भाजी निवडता निवडता मध्येच हात थांबवून दोघांकडे पाहत. एवढ्या ठरावांना विरोध केलेल्या त्या बाईला या गोष्टीला विरोध कुठे नोंदवावा ते कळत नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

पाटीचा परिणाम मात्र मामाजींनी स्वप्नातही पाहिला नव्हता असा झाला. आसपासच्या खेड्यांतून माणसं येत, पाटी वाचत किंवा वाचून घेत, आणि माना डोलावत. "कंपनी येवढ्या दूर इमानात नेऊन राह्यली म्हंजे मालात दम असंनच ना बे," असं एकाने माझ्यासमोर दुसऱ्याला समजावलं. दुसऱ्याने जास्तीचं पाकीट घेतलं. त्या वाणाची पाकिटं मेहुण्याच्या दुकानातून जितकी गेली तितकी कुठून गेली नसतील. मेहुणा बँकॉकला जाऊन आला. मामाजींनी पाटीवरची धूळ पुसली, अक्षरं बरोबर आहेत ना ते पुन्हा पाहिलं, आणि मला म्हणाले, "लिहिलं तं बराबरच आहे. मंग लोकाईनं असं काऊन वाचलं?" मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते आवरलं.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, दिसायला हिरवीगार होती, बोंडं टपोरी. दिवाळीच्या सुमारास लोकांनी बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. वेचणीला गेलेल्या बायांच्या हातात कापसाऐवजी किडकी, पिवळी कवडी येऊ लागली. अळी सगळ्याच वाणांवर पडली होती, सगळ्याच दुकानांची पाकिटं वाया गेली होती. पण पाटी एकाच दुकानावर होती, त्यामुळे राग आला तोही त्याच दुकानाकडे. लोक रोज येऊन दारात उभे राहू लागले. कुणी म्हणालं, दुकान काही दिवस बंद ठेव. मेहुणा घाबरला होता. दुकान फुटलं असतं तर त्याला या गावात पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. तेव्हा मामाजींनी त्याच्याकडे न पाहता सांगितलं, "बंद नाई ठेवाचं. सभा घ्याची. मालकाईनं प्रश्न इचारले तं उत्तर द्या लागते." मालक म्हणजे कोण, असं मी विचारलं. "ज्याईनं आपल्या भरवशावर पेरलं ते," मामाजी म्हणाले.

दुकानामागच्या गोदामात, खताच्या पोत्यांवर सभा भरली. अध्यक्ष चाचा, कारण त्यांचा काही लेना-देना नव्हता. आणि मामाजी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले, कारण दुकानदाराचा बाप आणि दुकानदाराचा मेहुणा, दोघांचाही संबंध होता. आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसलो. आतले आवाज खिडकीतून स्पष्ट येत होते. मेहुणा काहीतरी फवारणीचं सांगत होता, त्याचा आवाज चढत होता आणि फाटत होता. "तू इमानात बसला, अन् आमी?" कुणीतरी म्हणालं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी म्हणालो, "मामाजी, आत चला." ते ओट्याची कड घट्ट धरून बसले होते. "नेम आहे, जावईबापू," ते म्हणाले.

मग एका बाईचा आवाज आला. या वरच्या आळीतल्या काकू, नवरा गेल्यापासून शेत स्वतः करणाऱ्या. त्या ओरडल्या नाहीत. "पोराचं सोडा. साहेब कुठी आहेत? मले त्याईले इचाराचं आहे. बोर्ड तुमी लावला. तुमाले शंका होती म्हणूनच लावला ना? माहा रस्ता रोज तुमच्या घरासमोरून आहे, रोज तुमी मले रामराम करता. मंग नको घेऊ बाई, असं एक डाव तोंडानं काऊन नाई सांगतलं? बोर्ड लावून तुमी मोकळे झाले, अन् आमी अडकलो."

मामाजी उठले. मी त्यांच्यामागे गेलो. ते दारात दिसल्याबरोबर चाचांनी, नियमाला जागून, हात वर केला. "साहेब, तुमचा संबंध आहे. बाहेर बसा." मामाजी थांबले नाहीत. पोत्यांमधून वाट काढत ते मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हाव चाचा, आहे संबंध. मी याचा बाप आहो." मग काकूंकडे वळून, "वहिनी, तुमी बराबर बोलल्या. बोर्ड म्या माह्यासाठी लावला होता. उद्या कोणी बोट दाखवू नाई म्हणून. तुमच्यासाठी लावला असता, तं तुमच्या ओसरीवर येऊन तोंडानं सांगतलं असतं. पोरगा चुकला, पण तो लहान आहे. म्या तं जिंदगीभर हेच काम केलं." त्यांना पुढे बोलता येईना. मेहुण्याने बापाचा हात धरला. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वगैरे वाटला नाही, फार माया वाटली. मग काकूच म्हणाल्या, "बसा आता, घसा कोल्डा पडला तुमचा. अन् पुढं काय करता ते सांगा."

पुढे त्यांनी काय केलं, तर बाप-लेक मोटारसायकलवरून रोज वावरं पालथी घालू लागले. कृषी खात्याची माणसं पंचनाम्याला आली की मामाजी बांधावर हजर, आणि एकही शेतकरी सुटू नये म्हणून मेहुणा त्यांच्याआधी धावपळ करून घरोघर निरोप देई. भरपाई फार उशिरा आली आणि ज्यांना सगळ्यात जास्त हवी होती त्या काकूंना ती पुरली नाही, हेही खरं. पण त्या फिरण्यात दोघं बोलायला लागले. बोलायला लागले म्हणजे भांडायलाच लागले, स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं. मामी मला म्हणाल्या, "आता कसं घर वाटून राह्यलं." पुढच्या हंगामाला मामाजींनी पाटी काढून टाकली आणि स्वतः दुकानात खुर्ची टाकून बसले. येईल त्याला ते सांगत, "मी असतो तं हे घेतलं नसतं," आणि का ते सांगत. काही गिऱ्हाईकं तुटली. मेहुणा डोक्याला हात लावून बसे, पण त्याने बापाची खुर्ची हलवली नाही.

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घराच्या सभा त्यांच्याबरोबरच बंद पडल्या. सगळं फोनवर ठरतं, झटपट, आणि कुणाचा कशाला विरोध नसतो. कधी पेरणीच्या दिवसांत मी पिंपळगावला जातो तेव्हा मेहुण्याच्या दुकानात टेकतो. परवा एक तरुण पोरगा आला, त्याला कुणीतरी सांगितलेलं एक पाकीट हवं होतं. मेहुण्याने ते काढलं, काउंटरवर ठेवलं, आणि हात त्याच्यावरच ठेवून म्हणाला, "हे नको नेऊ बापा." पोरगा शेजारच्या दुकानात गेला आणि तेच पाकीट घेऊन आमच्यासमोरून निघून गेला. मेहुणा त्याच्या पाठीकडे पाहत राहिला, ओठ थोडे दुमडून, दुखावलेला आणि तरी समजून घेत असलेला. त्याचा चेहरा त्या वेळी थेट मामाजींसारखा झाला होता. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.